नकाशा बदलला, आकडा तसाच

आबा, धुळ्याला त्या माणसाच्या घरी चहा पिऊन आले त्याला आता दोन महिने होतील. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे, आणि तुम्ही नसल्यामुळे दर वेळी मीच जिंकते. अशा जिंकण्यात काही राम नाही. म्हणून आज लिहायला बसले, जळगावला मेहरूणच्या घरात, तुमच्याच टेबलावर, तुमच्या फोटोकडे पाठ करून. आईने कालच फोटोचा हार बदलला. मी म्हणाले, राहू दे ना जुना, तर तिने तो माझ्याच हातात देऊन नवा घातला.

अख्खी गल्ली तुम्हाला कॅप्टन म्हणायची. तुम्ही कॅप्टन कधीच नव्हता. सेकंड ऑफिसर होता, म्हणजे जहाजाचा मार्ग आखणारा, नकाशे सांभाळणारा अधिकारी, आणि ते काही लहान काम नाही. पण कोणी कॅप्टन म्हटलं तर तुम्ही एकदाही दुरुस्त केलं नाही. रावेरकडच्या केळीच्या शेतातून निघालेला मुलगा बोटीवर साहेब झाला, याचं लोकांना कौतुक होतं, आणि मला तर त्याहून होतं. मी सातवीत असताना तुम्ही घरी आलात आणि परत गेलाच नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचात, "पुरे झालं पाणी." मग फिजिक्सचे क्लास सुरू केलेत. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मुलं सकाळच्या गाडीने यायची, ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा, आणि आतून तुमचा आवाज यायचा. त्या आवाजावर माझा जितका विश्वास होता तितका पुढे कोणत्याच आवाजावर बसला नाही.

स्वयंपाकघर आठवतं. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, आणि एक भाकरी तव्यावर गेली की मधल्या वेळात परात तुमच्याकडे ओढून घेताय. परातीत सांडलेल्या पिठावर बोटाने एक ठिपका काढता. "हे आपण. आता रडार काय करतं? हाक मारतं. हाक समोरच्याला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, म्हणजे अंतर कळलं. कोणत्या दिशेने आली ते बघतं, म्हणजे दिशा कळली. अंतर आणि दिशा, दोन्ही हातात आल्यावर माणूस हरवत नाही." पिठात तुम्ही रेघ ओढता, टोकाला किनारा काढता, मग मला म्हणता, आता सांग आपण कुठे आहोत. मी बोट ठेवते. बरोबर आलं की तुम्ही माझ्या नाकाला पीठ लावता. आई ओरडते, "अहो, परात द्या इकडं." मी आठवीत होते. पुढे प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी रडारचा धडा आला तेव्हा वर्गात मला एकटीला तो येत होता, कारण मी तो पिठात शिकले होते.

आणि एक दिवस नववीतला. गणिताचं उत्तर कॅल्क्युलेटरवर विचित्र आलं. मी म्हणाले, आबा, हे मशीन चुकतंय वाटतं. तुम्ही टेबलावर हात असा आपटलात की शाईची बाटली आडवी झाली. "यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. लक्षात ठेव." मी रडले. चूक माझीच होती, एक शून्य जास्त दाबलं गेलं होतं. पण एवढ्याशा शून्यासाठी तुमचा चेहरा इतका पांढरा का पडला, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि कळतं म्हणून जास्त संताप येतो.

मला जहाजावरच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. पोरीच्या जातीला समुद्र कशाला, असं तुमच्या थोरल्या भावाने ओसरीवर उभं राहून विचारलं. तुम्ही त्यांना एका शब्दाने गप्प केलंत आणि कपाटातून तुमचं पितळी डिव्हायडर काढून माझ्या हातात दिलंत, नकाशावर अंतर मोजायचं ते, एका हाताने उघडणारं. मी पहिल्याच बोटीवर शिकाऊ म्हणून असताना तुम्ही गेलात. बातमी आली तेव्हा जमीन चार दिवस लांब होती. मी ब्रिजवर, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथे, उभी राहून ते डिव्हायडर मुठीत धरून ठेवलं होतं. पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं मी प्रत्येक नव्या बोटीवर पहिल्या दिवशी मनात म्हणत आले, आबा, बघा, इथपर्यंत आले. त्या प्रत्येक वाक्याची आज मला लाज वाटते.

आता झालं काय ते सांगते. मी सध्या समुद्रावरून सुट्टी घेऊन एका केंद्रावर शिकवते. विषय तुमचाच, अधिकाऱ्यांना दिशा दाखवणारी इलेक्ट्रॉनिक साधनं: जीपीएस, रडार, पडद्यावरचे नकाशे, शेजारच्या जहाजाचं नाव-गाव सांगणारी यंत्रणा. धुळ्याच्या एका कॉलेजने मुलींसमोर बोलायला बोलावलं. मी छान बोलले. सांगितलं की आज काही समुद्रांत कोणीतरी मुद्दाम खोटे सिग्नल सोडतं आणि आपली बोट पडद्यावर भलत्याच ठिकाणी, विमानतळाच्या धावपट्टीवर उभी दिसते. मुली हसल्या. मी म्हणाले, म्हणून एकाच साधनावर भिस्त ठेवायची नाही, दुसऱ्याला विचारायचं, तिसऱ्याला विचारायचं, आणि शेवटी खिडकीतून बाहेर बघायचं. टाळ्या पडल्या. काही प्रश्न? मुली लाजल्या. शेवटच्या रांगेतून एक म्हातारा माणूस उठला. धोतर नाही, पँट-शर्ट, शर्टाची सगळी बटणं लावलेली. शेजारी बारावीतली त्याची नात, ती त्याचा हात खाली ओढत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या मशिनमा आपनच एक आकडा टाकेल ऱ्हास ना, नकाशा जुना शे म्हनीसन. मंग नकाशा बदलना, आन आकडा काढाना ऱ्हाई गया, तं मशिन बोंब मारस का?"

आबा, आपणच भरलेला आकडा नकाशा बदलल्यावर काढायचा राहिला तर मशीन ओरडतं का, असं तो विचारत होता. हा प्रश्न धुळ्यात कोणी विचारणार नाही. मुंबईतही फार थोडे विचारतील. जुने सागरी नकाशे वेगवेगळ्या मोजणीवर काढलेले असायचे, आपल्या गावात जुन्या मोजणीचा बांध आणि नव्या मोजणीचा बांध जुळत नाही तसंच. उपग्रह सांगतात ती जागा जुन्या नकाशावर बसवायची तर थोडी सरकवावी लागायची, आणि त्यासाठी जीपीएसच्या मशीनमध्ये हाताने दुरुस्तीचा आकडा भरावा लागायचा. पुढचा नकाशा नव्या मोजणीचा असला की तो आकडा आठवणीने काढायचा. हे काम सेकंड ऑफिसरचं. मी म्हणाले, "नाही, काका. बोंब मारत नाही. चुकीची जागा दाखवत राहतं, अगदी शांतपणे."

"हां," तो म्हणाला. "मंग बरोबर शे." आणि खाली बसला.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्यामागे धावत गेले. तुम्ही बोटीवर होता का? तो म्हणाला, होतो, अकरा वर्षं. कोणत्या बोटीवर? त्याने नाव सांगितलं. ते नाव आपल्या बैठकीत फ्रेममध्ये लावलेलं आहे, तुमच्या शेवटच्या बोटीच्या फोटोखाली. मी म्हणाले, माझे वडील त्या बोटीवर... तो मधेच म्हणाला, "माले माहीत शे. पोस्टरवर आडनाव वाचीसनच उनू मी." पोस्टरवर आडनाव वाचूनच आला होता तो. तेव्हा मला आठवलं, तुम्ही कधीमधी एका धुळेवाल्याचा विषय काढायचात. "आपल्याकडचा म्हणून बोटीवर घ्या असं मी सांगितलं होतं त्याच्यासाठी, पण माणूस कामचुकार निघाला," असं म्हणायचात. हा तो.

त्याचं घर देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे. दोन खोल्या, स्वच्छ. नात आमच्यासाठी खुर्ची पुसत होती. मी कोण हे कळल्यावर त्याच्या बायकोने मला पाणी दिलं नाही. ती चुलीशी, म्हणजे गॅसशी, पाठ करून उभी राहिली, आणि मग वळून एकच वाक्य बोलली. "तुन्हा बापनी याले चहा कराले धाडं, आन मंग कागदवर लिखं का हाऊ चहा करी राहिंता." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे वं." ती म्हणाली, "काब्र ऱ्हाऊ देऊ?" आणि मग तिनेच चहा टाकला, भांडी आपटत.

त्याने सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐका. दुपारचा दीड. धुरकट हवा. कॅप्टन जेवायला खाली गेलेला. ब्रिजवर तुम्ही आणि तो, दोघंच. त्याचं काम लुकआउटचं, समोरच्या पाण्यावर नजर ठेवायचं. पुढे उथळ जागा, तिची खूण म्हणून पाण्यात नांगरलेला बोया. तो बोया उजवीकडे ठेवून बोट जायची होती. त्याला बोया दिसला तो डावीकडे. त्याने सांगितलं, साहेब, बोया डावीकडे दिसतोय, उजवीकडे पाहिजे होता ना? तुम्ही जीपीएसचे आकडे वाचलेत, नकाशावर खूण केलीत, खूण खुल्या पाण्यात पडली. तुम्ही म्हणालात, "बोया सुटून वाहत आला असेल. बोये वाहून जातात, उपग्रह जात नाहीत." थोड्या वेळाने तो परत म्हणाला, साहेब, पाण्याचा रंग बदलला, मातकट दिसतंय. तुम्ही चिडलात. म्हणालात, "तू मला शिकवणार? जा, चहा टाक." ब्रिजच्या मागच्या बाजूला किटली होती. तो गेला. पाणी उकळायच्या आत बोट तळाला घासली आणि थांबली. सकाळी नकाशा बदलला होता, आणि आदल्या नकाशाचा आकडा मशीनमध्ये तसाच होता.

कोणी मेलं नाही. तळ फाटला, एका टाकीत पाणी शिरलं, तीन दिवसांनी दुसऱ्या बोटींनी ओढून काढली.

हे ऐकताना माझा पहिला राग त्याच्यावर होता, खरं सांगते. मी म्हणाले, काका, इतक्या वर्षांनी कोणी काहीही सांगू शकतं. त्याला राग आला नाही. उठला, पलंगाखालची पेटी ओढली, प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. तुमच्या जबाबाची झेरॉक्स. इंग्रजीत, हाताने लिहिलेली. पोटाला आडवी रेघ मारलेला तुमचा सात मी कुठेही ओळखीन. तुम्ही लिहिलं होतं की बोट घासली त्या वेळी लुकआउट आपल्या जागेवर नव्हता, ब्रिजच्या मागच्या भागात चहा करत होता. पुढच्या ओळीत, त्याच्याकडून आपल्याला कोणतीही सूचना मिळाली नाही. पहिलं वाक्य अक्षर न् अक्षर खरं. त्या खऱ्या वाक्याच्या आडोशाला दुसरं किती आरामात बसवलंत! वाचताना मला तुमचा क्लासमधला आवाज ऐकू येत होता, तसाच शांत, ठाम.

चूक मला कळते, आबा. मी त्याच खुर्चीत बसले आहे. रात्रपाळ्या, बंदरांची धावपळ, शंभर नकाशे, आणि एक आकडा काढायचा राहून जातो. मीही चुका केल्या आहेत, माझं नशीब की त्या पाण्यात तळ खोल होता. पण रडार चालू होतं ना? किनाऱ्याचं टोक रडारवर दिसत होतं. एक अंतर, एक दिशा, अर्ध्या मिनिटाचं काम. खोली मोजणारं मशीन होतं, त्यावर पाणी कमी कमी होत चाललं होतं. ते बघायला मान वळवायची होती, बस. तीन साक्षीदार तुम्हाला हाका मारत होते, आणि त्यातला एक माणूस होता, त्याला तुम्ही चहा टाकायला पाठवलंत. आणि घरी येऊन काय केलंत? मला परातीत शिकवलंत, अंतर आणि दिशा दोन्ही हातात आल्यावर माणूस हरवत नाही! जे तुम्ही केलं नाही ते मला पाठ करून घेतलंत आणि का ते सांगितलं नाहीत. क्लासमध्ये शेकडो मुलं बसली तुमच्यासमोर, काही तर माझ्यासारखी बोटीवर गेली. एकाला, एकालाही सांगितलं असतंत की मी असा चुकलो, तर त्या चुकीचा काहीतरी उपयोग झाला असता. ती तुम्ही दाबून ठेवलीत आणि वर मला म्हणालात, यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. कोणाबद्दल बोलत होतात, हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं.

चौकशीत तुम्हाला ताकीद मिळाली. त्याच्या कागदांवर हलगर्जी असा शेरा पडला आणि त्यानंतर कोणत्याही कंपनीने त्याला बोलावलं नाही. तो एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर लागला. कापसाच्या गाड्या काट्यावर चढतात, आकडा उमटतो, तो लिहून घ्यायचा. वीस वर्षं तेच. मी विचारलं, काटा बरोबर असतो का? तो पहिल्यांदा हसला. "आकडा बठ्ठाच लिखतंस. मी आगोदर गाडीना टायर दखस. टायर किती दबना, ते दखीसन मंग आकडा लिखस." म्हणजे आकडा सगळेच लिहितात, हा आधी टायर किती दबलाय ते बघतो. आबा, हा माणूस तुमच्यापेक्षा चांगला अधिकारी झाला असता.

आणि मग त्याने ते सांगितलं, ज्याच्यामुळे मला त्या दिवशी जळगावची बस पकडताना पायऱ्या दिसत नव्हत्या. तो आपल्या घरी आला होता. शेरा पडल्यानंतर, तुमच्याकडून फक्त एक चिठ्ठी मागायला, की याने मला सूचना दिली होती. स्टँडवरून मेहरूणपर्यंत चालत. "तूच दार उघडं व्हतं, बेटा. निळा फ्रॉक. तू सांगं, आबा मुंबईले गयात." मग त्याने आपल्या उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यास्ना बूट दारमाच व्हतात."

मला आठवलं. मला सगळं आठवलं. तुम्ही आतल्या खोलीच्या पडद्याआड उभे होता. तुम्ही मला खांद्याला धरून म्हणाला होता, जा, सांग, आबा मुंबईला गेलेत. मी गेले आणि चांगलं खणखणीत सांगितलं, शाळेत कविता म्हणावी तसं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एक पिशवी दिली, ओल्या भुईमुगाच्या शेंगा. तुझ्या आबांना आवडतात, म्हणाला. संध्याकाळी आईने त्या खारवून उकडल्या. तुम्ही खाल्ल्यात. मला सोलून दिल्यात. आठ-दहा वर्षं तुमच्याबरोबर पाण्यावर राहिलेला माणूस आपल्या फाटकातून परत चालत गेला, आणि आपण तिघं त्याच्या शेंगा खात बसलो. बारा वर्षांची होते मी. तुमच्या खोट्याला तोंड माझं लावलंत.

बस पारोळ्याला थांबली, एरंडोलला थांबली, मी खिडकीला डोकं टेकून तुम्हाला शिव्या देत होते. मुलीने बापाला देऊ नयेत अशा. घरी आले. आई ओसरीवर डाळ निवडत होती. मी चपला न काढता विचारलं, धुळ्याचा माणूस आला होता, तुला माहीत होतं?

तिने ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मले माहीत होतं."

"सगळं?"

"सगळं. तो पाच मिनिटं फाटकाशी उभा होता. मी खिडकीतून पाहत होती."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दारात उभं राहून ओरडू की नवरा आत लपलाय?" ती इतक्या वर्षांत माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. "तू आज आली विचारायले. ह्या घरात राहून शिकली तू. ह्याच माणसाने तुझ्यासाठी भावाशी भांडण घेतलं. मी कोणता माणूस फेकू आन कोणता ठेवू?" मग ती परत डाळ निवडायला लागली. शेवटी म्हणाली, "भुईमुगाच्या शेंगा त्यानंतर कधी आणल्या नाही त्यांनी. आणू दिल्या नाही." जणू त्याने काही फिटलं!

मी पुन्हा धुळ्याला गेले. काकांना म्हणाले, आपण अर्ज करू, शेरा काढून घेऊ, मी लिहून देते. त्यांनी मान हलवली. आता काय उपयोग, माझं वय झालं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं, आणि त्यासाठीच ते त्या दिवशी कॉलेजात आले होते. नात बोटीवर जायचं म्हणत होती. ती दारात उभी राहून ऐकत होती. काकांनी विचारलं, "तथा पोरनी काही सांगं, तं कोनी ऐकस का आते?"

हो, तिथे पोरीचंही ऐकतात, असं मला म्हणायचं होतं. आता नियम आहेत, प्रशिक्षण आहे, लहानातल्या लहानाने बोलावं म्हणून वर्ग घेतात, मीच घेते. पण त्या माणसासमोर मला ते ओठावर आणवेना. मी म्हणाले, काका, काही जण ऐकतात. काही नाही ऐकत. तिने मात्र दोनदा सांगून थांबू नये, तिसऱ्यांदा कॅप्टनला फोन लावावा. नात म्हणाली, "लावीन." काकू आतून म्हणाल्या, "मन्हीच नात शे ती," आणि त्या दिवशी त्यांनी मला न मागता पाणी दिलं. नातीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर काकांनी माझ्यासमोर सही केली. निघताना मी त्यांना वचन दिलं. ही सगळी घटना मी वर्गात शिकवीन. आकडा, बोया, रडार, मातकट पाणी, चहा, जबाब. आणि तो अधिकारी माझे वडील होते, हे सांगेन. ते म्हणाले, नाव घेऊ नकोस पाहिजे तर. मी म्हणाले, नाही काका, तेच तर सांगायचं आहे.

मागच्या आठवड्यात तो वर्ग झाला. वीस-बावीस अधिकारी, काही माझ्याहून वयाने मोठे. मी फळ्यावर किनारा काढला, बोया काढला, दोन मोजण्यांतला फरक समजावला. कोणीतरी म्हणालं, आता पडद्यावरचे नकाशे हे आपोआप करतात. मी म्हणाले, करतात, म्हणूनच तुम्ही आणखी कमी बघता. दोघा-तिघांनी वह्या उघडल्या. मी चहापर्यंत आले, जबाबापर्यंत आले. माझा आवाज चांगला लागला होता. एक मुलगी, पहिल्या बाकावरची, हात वर करून म्हणाली, "मॅडम, इतकं बारीक तुम्हाला कसं माहीत? तो ऑफिसर कोण होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिथे उभी होते, आबा, आणि माझ्या तोंडात तुम्ही होता. दोन शब्द, माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. मी फळा पुसायला वळले आणि म्हणाले, "जुनी केस आहे. नाव माहीत नाही."

काल काकांचा फोन आला. नातीला प्रवेश मिळाला, ते सांगायला. शेवटी म्हणाले, "आन बेटा, तू वर्गमा सांगं का? तुन्हा आबाच व्हतात म्हनीसन?"

मी हो म्हणाले.